सायफन: काठावरून चढून खाली उतरणाऱ्या पाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टी लागली की दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यात असतो. मळा थोरले बंधू बघतात. शाळेत मुलं, मळ्यावर शेजारचे शेतकरी आणि सोसायटीत शेजारीपाजारी मला फिरून फिरून एकाच वस्तूबद्दल विचारतात: पाण्याने भरलेली एक वाकडी नळी. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच निघतं, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

सायफन म्हणजे नेमकं काय?

वरच्या भांड्यातलं पाणी भांड्याला भोक न पाडता, पंप न लावता, काठावरून नेऊन खालच्या भांड्यात सोडणारी नळी म्हणजे सायफन. पाठ्यपुस्तकात तिला वक्रनलिका म्हणतात. नळीचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे जिथून पाणी वळून खाली निघतं, त्याला मी इथे कमान म्हणणार आहे. सायफन चालायला तीन गोष्टी लागतात. नळी आधी पाण्याने पूर्ण भरलेली हवी, तिचं आतलं तोंड पाण्यात बुडालेलं हवं आणि पाणी जिथे पडणार ती जागा वरच्या भांड्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली हवी. भांडं खाली असून भागत नाही, पातळी खाली पाहिजे.

पण सर, पाणी आधी वर चढतंच कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे सावकाश जाऊ.

माझ्या टेबलावरची मांडणी घ्या. वर स्टीलचा डबा, खाली बादली. कमान डब्यातल्या पाण्याच्या ३० सेंटिमीटर वर आहे आणि बादलीतल्या पाण्याच्या ८० सेंटिमीटर वर. दोन्ही भांड्यांतल्या पाण्यावर हवा दाब देते आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचावर आहे आणि इथली हवा साधारण ९६० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकते. तेव्हा दाब सेंटिमीटरमध्येच मोजू.

आता मनात अशी कल्पना करा की कमानीत मधोमध एक पातळ पडदा आहे आणि पाणी थांबलेलं आहे. डब्याकडून येणाऱ्या ९६० पैकी ३० पाणी वर उचलून धरण्यात खर्च झाले. पडद्यावर डब्याकडून ९३० चा दाब पोचला. बादलीकडूनही ९६० च निघाले, पण तिकडे ८० खर्च झाले, म्हणून पडद्याच्या दुसऱ्या अंगाला फक्त ८८०. एका बाजूला ९३०, दुसऱ्या बाजूला ८८०. पडदा काढला की पाणी कुठे जाईल? बादलीकडे. आणि फरक किती आहे बघा: ५० सेंटिमीटर. दोन्ही पाण्यांच्या पातळीतला फरकही नेमका तेवढाच.

म्हणजे वर चढणारं पाणी कुणी ओढून घेत नाही. कमानीत दाब कमी असतो आणि डब्यावरची हवा पाण्याला त्या कमी दाबाकडे ढकलते. कमानीतला दाब कमी का? कारण पलीकडच्या बाजूला पाण्याचा लांब स्तंभ खाली उतरतो आहे. एकूण हिशेबात पाणी ५० सेंटिमीटर खालीच आलं. जमा-खर्च शेवटी उताराचाच.

मग सायफन हवेच्या दाबाने चालतो की गुरुत्वाकर्षणाने?

यावर शिकलेल्या माणसांतही वाद झालेले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून सायफनच्या व्याख्येत हवेचा दाब हेच कारण दिलेलं होतं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन ह्यूज यांनी हे बरोबर नाही असं दाखवून दिलं. जवळपास शंभर वर्षं ती ओळ तशीच छापली जात होती.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी वाहतं ते गुरुत्वाकर्षणामुळे. हवेचा दाब दोन्ही भांड्यांवर जवळपास सारखाच असतो, मग तो एका दिशेला ढकलेल कसा? वरच्या हिशेबात ९६० दोन्हीकडे होते आणि वजाबाकीत उडून गेले. पण हवेच्या दाबाचं एक काम उरतंच, ते म्हणजे कमानीतलं पाणी तुटू न देणं. दोन्ही बाजूंचे स्तंभ आपापल्या भांड्यात घसरायला बघत असतात, हवा त्यांना खालून दाबून एकमेकांना चिकटवून ठेवते. मुलांना मी एवढंच सांगतो की वाहायला उतार लागतो आणि जोडलेलं राहायला दाब लागतो. परीक्षेत यातलं एकच लिहिलं तर अर्धं उत्तर झालं.

कप्पीवरून घसरणाऱ्या साखळीचा दाखला देतात, तो बरोबर आहे का?

थोडासा. कप्पीवर साखळी टाकली आणि एक बाजू लांब ठेवली तर ती बाजू जड होते आणि अख्खी साखळी तिकडे घसरते. ऐकायला हे पटतं, म्हणून मीही पूर्वी वर्गात हाच दाखला द्यायचो. मग नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, चढती नळी जाड घेतली आणि उतरती बारीक, तर चढत्या बाजूचं पाणी जड होईल ना? मग ते उलटं वाहील का?"

प्रश्न अगदी नेमका होता. साखळीच्या न्यायाने उलटं वाहायला हवं, आणि तसं होत नाही. आम्ही त्याच तासाला करून पाहिलं. चढत्या बाजूला इंचभर जाडीचा पाइप, उतरत्या बाजूला बोरूएवढी नळी, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून केलेला जोड. पाणी मुकाट्याने खालच्याच भांड्यात गेलं. पाण्याचा दाब स्तंभाच्या उंचीवर ठरतो, वजनावर नाही. त्या दिवसापासून साखळीचा दाखला मी बंद केला.

कमान किती उंच चालते?

समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर, नाशिकला सुमारे ९.६ मीटर, कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) साधारण साडेआठ मीटर. ही वरच्या भांड्यातल्या पाण्याच्या पातळीपासून मोजायची उंची आहे आणि हे कागदावरचे आकडे आहेत. कमानीतला दाब फार उतरला की पाण्याची वाफ होऊ लागते, विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि स्तंभ तुटतो. वाहत्या पाण्याचा वेग आणि पाइपमधलं घर्षण यांतही दाब खर्च होतो. शेतावर सहा मीटरच्या पुढे कमान नेऊ नये असं मी सांगतो. पाणी गरम असेल तर मर्यादा आणखी खाली येते. ८० अंशांच्या पाण्याची वाफ इतक्या जोराने बाहेर पडू पाहते की नाशिकला पाच मीटरलाच खेळ संपतो.

या मर्यादेमागे विज्ञानातली एक मोठी गोष्ट आहे. १६३० मध्ये इटलीतल्या जिनोआचे शास्त्रज्ञ बालियानी यांनी गॅलिलिओला पत्र लिहिलं की सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी नेण्यासाठी सायफन केला, पण तो चालत नाही. गॅलिलिओचं उत्तर असं होतं की लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. त्यांच्या शिष्यवर्गातल्या टॉरिचेली यांनी १६४३ च्या सुमाराला पाण्याऐवजी पारा घेतला. पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि स्तंभाला बाहेरची हवा तोलते हे कळलं. आपण आज ज्याला वायुभारमापक म्हणतो, त्याच्या जन्माला एक बिघडलेला सायफनही कारण आहे.

गॅलिलिओ अगदीच चुकले होते असंही नाही. पाण्याच्या कणांची एकमेकांवर पकड असते. २०१५ मध्ये ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा काढून टाकलेलं पाणी वापरून १५ मीटर उंच कमानीचा सायफन चालवून दाखवला. त्या कमानीत पाणी खरोखर ताणलेल्या दोरासारखं होतं. विहिरीच्या किंवा तळ्याच्या साध्या पाण्याने मात्र हे होणार नाही, त्यात हवा विरघळलेली असतेच.

पाणी किती वेगाने येईल?

पातळीतल्या फरकावर. घर्षण सोडलं तर एक मीटर फरकाला वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर निघतो, म्हणजे एक मीटर उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर ज्या वेगाने पोचतो तेवढाच. फरक चौपट केला तर वेग दुप्पट होतो, चौपट नाही. प्रत्यक्षात नळी बरंच खाते. अर्धा इंची, दोन मीटर लांब नळी आणि २० सेंटिमीटर फरक असेल तर मिनिटाला सहा लिटरच्या आसपास पाणी मिळेल. म्हणजे २० लिटरचा जार भरायला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर.

पाणी कमी येतंय म्हणून कमान खाली आणण्यात काही मिळत नाही, कारण वेग कमानीच्या उंचीवर ठरत नाही. खालचं भांडं आणखी खाली ठेवा किंवा नळी जाड घ्या. नळीची जाडी दुप्पट केली की पाणी चौपटीहून जास्त येतं, कारण जाड नळीत कडेचं घासणंही कमी होतं.

तोंडाने न ओढता सायफन सुरू कसा करायचा?

घरगुती कामाला सोपा उपाय म्हणजे अख्खी नळी वरच्या भांड्यात बुडवायची, बुडबुडे यायचे थांबले की एका टोकावर अंगठा गच्च दाबायचा, ते टोक काठावरून बाहेर काढून खाली न्यायचं आणि अंगठा सोडायचा. नळी मोठी असेल तर नळाला लावून भरून घ्या आणि दोन्ही टोकं दाबून आणा. बाजारात रबरी फुग्याच्या छोट्या हातपंपाची नळी मिळते. एका टोकाला काचेची गोळी असलेली नळीही मिळते. ती पाण्यात खाली-वर हलवली की दर झटक्याला थोडं पाणी आत चढतं आणि सायफन आपोआप लागतो.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, फवारणीची औषधं, बोर्डो मिश्रण तोंडाने कधीही ओढू नका. कॉलेजात असताना मी स्कूटरचं पेट्रोल असंच ओढलं होतं. घोटभर घशात गेलं आणि खोकताना त्यातलं थोडं श्वासनळीत उतरलं. पुढचे काही दिवस छातीत जळजळ आणि ताप होता. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घातक असतं. कुणी गिळलंच तर त्याला मुद्दाम उलटी करायला लावू नका, उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनळीत जातं. थेट दवाखान्यात न्या. पोरांसमोर तर हे करूच नये, ती बघूनच शिकतात.

शेततळ्यातलं पाणी सायफनने खालच्या वावरात नेता येईल का?

येईल, आणि आमच्याकडे तेच करतो. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो. तळाशी पाइप काढायचा तर कागद कापावा लागतो, आणि कापलेल्या जागेचा जोड कधी ना कधी गळतोच. सायफनला कागदाला हात लावावा लागत नाही, पाइप बांधावरून येतो.

आमची मांडणी अशी आहे. काळा एचडीपीई पाइप, तळ्यातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाणी परत तळ्यात जाऊ न देणारी झडप), वावरातल्या टोकाला कॉक आणि बांधावर सगळ्यात उंच जागी एक टी (तीन तोंडांचा जोड), त्यावर घट्ट झाकण. खालचा कॉक बंद करायचा, टीमधून बादलीने पाणी ओतत राहायचं. पाइप गडगड आवाज करत भरतो, हवा भसाभसा बाहेर येते. पाणी टीच्या तोंडाशी येऊन स्थिर झालं की पाच मिनिटं थांबायचं. पाइपमध्ये चढउतार असले की हवा अडकून बसलेली असते, ती हळूहळू वर येते आणि पाणी पुन्हा वीतभर खाली जातं. परत भरायचं. पाणी खाली जायचं थांबलं की झाकण लावून मग कॉक उघडायचा, तोही हळूहळू. घाई केली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

चढाच्या बाजूला लपेटा पाइप (गुंडाळून ठेवता येणारा मऊ पाइप) चालत नाही. आत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, त्यामुळे बाहेरची हवा त्याला चपटा करून टाकते. बांधावरून उतरतानाही वरच्या भागात दाब कमीच असतो. तेव्हा लपेटा जोडायचाच तर अगदी खाली, कॉकच्या पुढे जोडा.

जानेवारीत सायफन झकास चालतो, एप्रिल-मेमध्ये सारखा तुटतो. पाइप फुटला असेल का?

पाइप तपासा, पण बहुधा तो धड असेल. तळ्यातलं पाणी खाली गेलं आहे. बांध जागच्या जागी आहे, म्हणून पाण्यापासून कमानीची उंची वाढली. जानेवारीत कमान पाण्यापासून दीड मीटरवर होती, तीच मेमध्ये पाच-सहा मीटरवर गेली. कमानीतला दाब तेवढा उतरला. त्यात काळा पाइप दिवसभर उन्हात तापतो, पाण्यातली हवा सुटते आणि कमानीत जमून राहते. हिवाळ्यात कळतही नव्हती अशी जोडातली केसाएवढी फट उन्हाळ्यात हवा ओढू लागते. पातळीतला फरकही कमी झालेला असतो, म्हणून पाण्याला वेग नसतो आणि जमलेली हवा वाहून जात नाही.

दादा एप्रिलपासून तीन गोष्टी करतात. कमानीवरचा पाइप ओल्या गोणपाटाने झाकतात, टीचं झाकण रोज सकाळी उघडून जमलेली हवा काढतात (आधी खालचा कॉक बंद करून), आणि पाणी पहाटे सोडतात. जमलं तर बांधात चर खणून पाइप हातभर खाली घ्यावा, पण बांधाच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये.

सायफनवर ठिबक चालेल का?

सहसा नाही. ठिबकच्या नळ्यांना साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटरचा उतार. तळं टेकाडावर आणि बाग तेवढी खाली असेल तरच विचार करा, आणि फिल्टरमध्ये जाणारा दाब वेगळा धरा.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी फिरवल्यावर वरचं नितळ पाणी काढताना गाळ ढवळला जातो. काय करावं?

इथे सायफनइतकं चांगलं काही नाही. आषाढ-श्रावणात गोदावरीला पूर आला की पाणी मातकट होतं आणि तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं की सकाळी पिंपाच्या तळाशी बोटभर मऊ गाळ बसलेला असतो. तांब्या बुडवला की तो धुरासारखा उठतो. त्याऐवजी स्वच्छ नळी घ्या. तिचं आतलं टोक एका लाकडी पट्टीला दोऱ्याने असं बांधा की पट्टी तळाला टेकल्यावर टोक तळापासून चार बोटं वर राहील. नळी बारीकच घ्या, जाड नळीची ओढ गाळालाही ओढते. पाणी नळीच्या तोंडाशी येऊन पोचलं की हवा शिरून सायफन आपोआप थांबतो आणि गाळ पिंपात राहतो. हे पाणी प्यायचं असेल तर उकळूनच प्या. तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत.

वसुदेवाच्या पेल्यातलं पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की उतरतं. ते कसं?

ज्यांनी तो पेला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पितळेचा पेला, मध्ये डोक्यावर बाळकृष्ण घेतलेला वसुदेव. पेला म्हणजे यमुना. पाणी ओतत जावं तसं ते वसुदेवाच्या कमरेला, छातीला, गळ्याला येतं आणि बाळाच्या पायाला स्पर्श झाला की सगळं पाणी तळातून निघून जातं, यमुनेचा पूर ओसरल्यासारखं. आमच्या आजीकडे असा एक होता. गोकुळाष्टमीला ती तो चिंचेने घासून लखलखीत करायची आणि पाणी ओतण्याचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा असायचा.

मूर्ती आतून पोकळ आहे. तिच्यात उलट्या 'यू'सारखी एक नळी दडवलेली असते. नळीचं एक तोंड पेल्याच्या बुडाशी आत उघडतं, दुसरं तळातून बाहेर. नळीची कमान नेमकी बाळाच्या पावलांच्या उंचीवर ठेवलेली असते. पेल्यात पाणी चढतं तसं नळीच्या आतल्या पायातही चढतं. पाणी कमानीच्या खाली असेपर्यंत काही होत नाही. कमान ओलांडली की पाणी पलीकडे सांडतं, नळी भरते, सायफन लागतो आणि मग पातळी कमानीखाली गेली तरी तो थांबत नाही. बुडाशी हवा शिरेपर्यंत चालतो. कारागिराला वाकवलेली नळी, डाक देऊन केलेला जोड आणि पावलांची उंची एवढंच जुळवायचं असतं, पण त्यात एका केसाची चूक चालत नाही.

जुन्या घरांतली साखळी ओढायची फ्लशची टाकी याच जातीची. साखळी ओढून सोडली की आतल्या जड घंटेमुळे थोडं पाणी उभ्या नळीत उसळून पडतं, सायफन लागतो आणि टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. कर्नाटकात शिम्शा नदीवरच्या मार्कोनहळ्ळी धरणातही पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप लागणारे सायफन आहेत. पेला हाताएवढा आणि धरण डोंगराएवढं, आतली कमान तीच.

बाथरूममधून वास येतो. प्लंबर म्हणतो, ट्रॅपचं पाणी सायफन झालं. खरं असेल?

असू शकतं. ट्रॅप म्हणजे मोरीखालच्या पाइपचा वाकडा भाग. त्यात साठून राहिलेलं थोडं पाणी गटाराचा वास अडवून धरतं. वरच्या मजल्यावरून भसकन पाणी सोडलं की उभ्या पाइपमध्ये दाब उतरतो आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणी गुडगुड आवाज करत ओढलं जातं. त्यासाठीच उभा पाइप गच्चीवर नेऊन उघडा ठेवतात, म्हणजे हवा तिकडून येते. त्यावर कुणी झाकण बसवलं असेल किंवा पक्ष्याने घरटं केलं असेल तर पूर्ण इमारतीला त्रास होतो. आधी गच्चीवर जाऊन बघा. बाथरूम बरेच दिवस वापरलंच नसेल तर पाणी नुसतं वाळलेलं असतं, तांब्याभर पाणी ओता.

नळाचा पाइप बादलीत बुडवून ठेवला तर काय बिघडतं?

पाणी सुटलेलं असेपर्यंत काही नाही. पण आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं आणि जातं. पुरवठा बंद झाला आणि उतारावरच्या घरांत नळ उघडे असले, की पाइपमधलं पाणी तिकडे ओढलं जातं. तुमच्या बादलीतला पाइप मग सायफन होतो आणि बादलीतलं पाणी, साबण किंवा फिनेलसकट, पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत जातं. थेट नळाला मोटार लावली की हा धोका फार वाढतो. पाइपचं तोंड पाण्याच्या वर, भांड्याच्या काठापेक्षा उंच ठेवा. ती वीतभर हवेची फट सायफन ओलांडू शकत नाही. कूलर भरताना, टाकी भरताना, गाडी धुताना हे लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. यात आजारी पडतो तो शेजारी, आणि त्याला कारण कधीच कळत नाही.

वॉशिंग मशीन भरतच राहतं, पाणी साठत नाही. हाही सायफन?

बहुधा. बाहेर जाणारा पाइप जमिनीवर लोळत असेल तर भरलेलं पाणी त्यातून निघून जातं. पाइप मशीनमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर अडकवा आणि त्याचं तोंड ड्रेनेजच्या पाइपमध्ये घट्ट कोंबू नका, भोवती हवेला वाट ठेवा.

कालवा ओढ्याखालून नेतात त्यालाही सायफन म्हणतात. तो हाच का?

नाव तेच, काम उलटं. तिथे पाइप खाली वाकतो, पाणी एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूने जवळपास त्याच पातळीला वर येतं. दाब तळाशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून पाणी तुटण्याचा प्रश्न नाही, आधी भरून घ्यावं लागत नाही आणि ९.६ मीटरची मर्यादाही नाही. मर्यादा पाइपच्या ताकदीची. गवंडी भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतात, त्यातही हेच तत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी पुन्हा उंचावर चढून खाली कोसळतं, तेही याच बळावर.

हंड्याच्या काठावर ओला फडका राहिला आणि सकाळी ओटा भिजलेला. नळी तर नव्हती!

सुताच्या धाग्यांमधल्या फटी याच नळ्या. पाणी काठापर्यंत केशाकर्षणाने (बारीक फटीत पाणी आपोआप चढतं त्याने) चढलं आणि बाहेरचं टोक हंड्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबत होतं म्हणून ठिबकत राहिलं. टोक पातळीच्या वर असतं तर फडका नुसता ओला राहिला असता. गावाला जाताना कुंड्यांना पाणी मिळावं म्हणून हीच युक्ती मुद्दाम करता येते.

मुलांना घरी एकच प्रयोग दाखवायचा तर कोणता?

औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणा, वापरलेली नको. दोन काचेचे ग्लास, एक पुस्तकांच्या चळतीवर आणि एक खाली. पाण्यात चिमूटभर हळद टाका म्हणजे प्रवाह दिसेल. सायफन लावा आणि मुलांना वरचा ग्लास हळूहळू खाली आणायला सांगा. दोन्ही पातळ्या समोरासमोर आल्या की प्रवाह थांबतो. ग्लास आणखी खाली नेला की पाणी उलटं वाहू लागतं. दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली असली म्हणजे झालं.

मग सायफन पुन्हा सुरू करा आणि कमानीजवळ नळीला सुई टोचायच्या आधी विचारा, "भोकातून पाणी उडेल का?" जवळपास सगळी मुलं हो म्हणतात आणि मागे सरकतात. सुई टोचून बाहेर काढा. थेंबही येत नाही. भोकातून हवा आत शिरते, बारीक बुडबुड्यांची माळ उतरत्या नळीत धावत जाते. भोक थोडं मोठं केलं की कमानीत पिवळ्या पाण्याचे दोन तुकडे होतात, आणि एक या ग्लासात, एक त्या ग्लासात परत उतरतो.